खालच्या मजल्यावरची नाझिश

वरुणच्या उजव्या हाताला पट्टी होती आणि ती मी बांधलेली नव्हती. त्या संध्याकाळी मला आधी एवढंच दिसलं. जखम मागाहून दिसली.

"काय झालं हाताला?"

"कॅच घेताना लागलं."

इथे आखातात सुट्टी शुक्रवारची; त्या दुपारी तो सखीरकडच्या मोकळ्या, वाळूच्या मैदानावर क्रिकेट खेळायला जायचा. म्हणजे तसं सांगून जायचा. चार महिने झाले होते. त्या दिवशी तो आंघोळीला गेल्यावर मी त्याचे बूट गॅलरीत नेऊन उलटे करून आपटले. सखीरला खेळून आलेल्या माणसाच्या बुटातून चमचाभर तरी वाळू पडावी. कणही पडला नाही.

मग रात्री तो झोपल्यावर मी ती पट्टी नीट पाहिली. तळहाताला दोन वेढे, मनगटाला एक, गाठ आतल्या अंगाला, टोचू नये अशी. टोकं कात्रीनं सारखी कापलेली. पुरुष एकमेकांना पट्टी बांधतात तेव्हा टोकं दातांनी तोडतात.

माझी आई गुहागरकडची. तांदूळ निवडताना, माशांची खवलं काढताना तिच्या ओठांवर ओवी असायची, आणि निम्म्याअधिक ओव्या सवतीच्या. तिला सवत नव्हती. मी विचारलं की हसायची, "अगं, नसलेल्या सवतीवर जळायला पैसे पडतात का?" मला त्या ओव्यांतली एकही धड पाठ नव्हती. पण त्या आठवड्यात, माहूज भागातल्या आमच्या स्वयंपाकघरात डाळ घोटताना, एक ओवी आपली आपणच जुळून आली.

*पट्टी गं बांधियेली, गाठ बसवली चापून,*
*माझ्या भरताराचा हात कोणी पाहिला जपून.*

"मम्मा, व्हॉट आर यू सिंगिंग?" कस्तुरीनं विचारलं. नऊ वर्षांची आहे. मराठी सगळी कळते, उत्तर मात्र इंग्रजीत.

"डाळीला सांगतेय, लवकर शीज."

उत्तर माझ्याकडे चालत आलं ते समोरच्या फ्लॅटमधून. शुभदा पुण्याची, तिचा नवरा बँकेत. कचऱ्याची पिशवी ठेवता ठेवता म्हणाली, "काय गं, तुझे यजमान हल्ली मजला चुकतात का? तिसऱ्यावर राहतो म्हणावं आपण. बटणावर आकडा लिहिलेला असतो."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही बाई. दुसऱ्यावर उतरताना दिसले. एकदा नाही, तीनदा. मला काय करायचंय?"

दुसऱ्या मजल्यावर नाझिश राहायची. हर्णैची. एका क्लिनिकमध्ये नर्स. नवरा कतारला गेला तो तिकडचाच होऊन बसला. मूलबाळ नाही. धाकटा भाऊ अर्शद मीना सलमान बंदरावर एका वर्कशॉपमध्ये वेल्डर होता, तो दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज पढून बहिणीकडे जेवायला यायचा. कस्तुरीला एकशेचार ताप चढला तेव्हा हीच नाझिश पहाटेपर्यंत तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवत बसली होती. मला वहिनी म्हणायची, वरुणला वरुणभाऊ. भाऊ म्हटलं की बाईला कुठल्याही दारातून आत-बाहेर करता येतं.

आणि ती दिसायची कशी! कामावरून आठ तास उभी राहून आलेली बाई, पण केसाची बट हललेली नाही. घरातल्या गाऊनलासुद्धा इस्त्री. मी चौतिसाव्या वर्षी हळदीचे डाग पडलेल्या गाऊनमध्ये दार उघडायचे आणि ती समोर उभी असायची, हातात सांदणांची ताटली घेऊन, नुकत्याच धुतलेल्या वाटीसारखी स्वच्छ. तिच्या सांदणांवर वरुण म्हणायचा, "काय मऊ झालीत!" माझ्या घावनांवर त्या महिन्यात तो काहीच म्हणाला नव्हता.

मी तिचा नंबर ब्लॉक केला. पुढच्या वेळी सांदणं आली ती परत पाठवली, "घरात कुणी खात नाही" म्हणून. लिफ्टमध्ये ती असली तर मी जिन्यानं जायचे. आमच्यात फक्त अठरा पायऱ्या होत्या. मी मोजल्या होत्या. जळणारं माणूस काहीही मोजतं.

*एका मजल्याचं अंतर, दर्या आडवा पसरला,*
*खालच्या उंबऱ्यापाशी माझा राजा गं विसरला.*

त्याच दिवसांत आपल्या लोकांत आणखी एक गोष्ट हलक्या आवाजात बोलली जात होती. वरुण पॅकिंगच्या गोदामात मेंटेनन्स इंजिनिअर. त्याच्या हाताखालचा सिराज, रोह्याचा, तीन मुलींचा बाप, पाच महिन्यांपूर्वी रॅकवरून पडून गेला. अंगात गोळ्यांची नशा होती. कंबरदुखीवर म्हणून पहिली गोळी घेतलेली, मग सुटलीच नाही. त्याची पेटी घरी पाठवायचे कागद वरुणनं केले. मुलींशी फोनवर वरुणच बोलला. त्यानंतर पंधरा दिवस तो जेवताना ताटाकडे बघत बसायचा.

गोदामांवर संदेश नावाचा सिक्युरिटी सुपरवायझर होता. देशात बावीस वर्षं निमलष्करी दलात काढलेला, सगळे त्याला हवालदारसाहेब म्हणत. त्याच्या हाताखालचे चार गार्ड त्याच्याच जुन्या तुकडीतले, नोकऱ्या त्यानंच लावून दिलेल्या. ही पाच माणसं आणि आणखी काही, गोळ्या विकणाऱ्यांना शोधून काढत. पोलिसांकडे नेत नसत. गोदामामागे नेऊन हाताची बोटं मोडत. "देणारा हात देणं विसरला पाहिजे," असं हवालदार म्हणायचा म्हणे. मार खाल्लेला माणूस तक्रार करू शकत नव्हता, केली तर आधी तोच आत जाणार. दोघांची अशी बोटं गेली होती.

हळदीकुंकवाला हा विषय निघाला तेव्हा सगळ्या म्हणाल्या, बरं केलं. वाण म्हणून मिळालेल्या स्टीलच्या डब्या पिशवीत टाकत मीही म्हणाले, बरं केलं.

आता तो शुक्रवार. कस्तुरी मैत्रिणीकडे वाढदिवसाला गेली होती. वरुण आंघोळीला गेला आणि त्याचा फोन ओट्यावर चार्जिंगला राहिला. एक वाजायला आला होता. फोन थरथरला, आवाजाचा मेसेज आला होता. पासवर्ड कस्तुरीची जन्मतारीख, तो काही त्यानं बदलला नव्हता. मी फोन कानाला लावला. तिचाच आवाज ऐकू येणार याची मला खात्री होती.

आवाज पुरुषाचा होता. जाडा, सवयीनं हुकूम देणारा.

"आजचा पॉइंट माहूज. तो वेल्डर, अर्शद. बहिणीकडे जेवायला आलाय, पावणेदोनच्या सुमाराला खाली उतरतो. वरुण, बिल्डिंग तुझी आहे. तू गाडीत बस, तो दिसला की मिस कॉल दे, बस. पुढचं आमचं. उजवा हात. खलास."

मला काय वाटायला हवं होतं ते मला कळतं. काय वाटलं ते सांगते. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. बाई नव्हती! चार महिन्यांचे शुक्रवार, बुटातली नसलेली वाळू, सगळ्याचा हिशेब लागला आणि त्यात बाई नव्हती. त्याच्याही पुढे, तो नाझिशच्या भावालाच धरून देणार होता. पट्टी बांधून घेणारा हात तिच्यावरच उलटणार होता. मी तो मेसेज पुन्हा लावला. मग तिसऱ्यांदा. समजला नव्हता म्हणून नव्हे, गोड लागत होता म्हणून.

न्हाणीघराचं दार वाजलं. मी फोन होता तसा ठेवला.

"जेवून जा ना," मी म्हटलं.

"आल्यावर. टाकीचा माणूस आलाय गोदामावर, बघून येतो."

"आज क्रिकेट नाही?"

"नाही." त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. शर्टाची बटणं खालीवर लागली होती, ती मी पुढे होऊन सारखी केली. तो गेला.

गॅलरीतून खाली पाहिलं. समोरच्या कोल्ड स्टोअरच्या, म्हणजे इथल्या वाणसामानाच्या दुकानाच्या, सावलीत आमची गाडी, आत तो, काचा वर. आणि तेव्हा कुठे उजवा हात हे दोन शब्द माझ्यापर्यंत पोचले.

अर्शदचा हात मी पाहिला होता. आमच्या गॅलरीचा कठडा सुटला होता तो त्यानं येऊन जोडून दिला होता. जोडाची रेघ अशी की नखानंसुद्धा लागू नये. "वहिनी, यावर हत्ती बांधा," म्हणाला होता. तो गोळ्या विकायचा का? विकत असेल. हवालदाराचा नेम चुकत नाही असं सगळेच म्हणायचे. सिराजला पहिली गोळी कुणी दिली असेल, हेही मला त्या घडीला सुचलं. तरी तो हात जाता कामा नये, एवढं मला पक्कं कळलं. सांगायला हवं. एक वाजून दहा मिनिटं झाली होती. पस्तीस मिनिटं हातात, आणि पायऱ्या अठरा.

फोन करता आला असता. ब्लॉक काढायला कितीसा वेळ लागतो? पण फोनवर तिचा चेहरा दिसला नसता. मला तिच्या दारात उभं राहून सांगायचं होतं, की बघ, ज्याचा हात तू जपलास तो माझा नवरा तुझा नव्हता कधी. आणि तुझ्या भावाला वाचवायला आलेय ती मी.

आणि असं सांगायला मी हळदीच्या गाऊनमध्ये कशी जाऊ?

मी मोरपिशी साडी काढली. गेल्या दिवाळीत घेतलेली, एकदाच नेसलेली. निऱ्या पहिल्यांदा घातल्या त्या आखूड पडल्या. सोडल्या, पुन्हा घातल्या. केसांना तेल होतं, ते दिसू नये म्हणून अंबाडा घट्ट वळला. काजळ घातलं. डाव्या डोळ्यातलं पसरलं, ते पुसून पुन्हा घातलं. प्रत्येक वेळी घड्याळाकडे बघत होते आणि प्रत्येक वेळी म्हणत होते, आहे अजून वेळ. आरशातली बाई हळूहळू नाझिशच्या तोडीची होत होती.

पदर खांद्यावर घेऊन मी पिन तोंडात धरली आणि खालच्या मजल्यावरचं दार उघडल्याचा आवाज आला.

"येतो आपा. रस्सा थोडा ठेव, रात्री येईन."

एक वाजून अडतीस झाले होते. तो नेहमीपेक्षा लवकर निघाला होता.

मी दारापर्यंत धावले. जिन्यात त्याच्या चपला वाजत होत्या, एकेक पायरी खाली जाणाऱ्या. नुसतं "अर्शद!" म्हटलं असतं तर तो थांबला असता. तोंडातली पिन काढायला एक क्षण लागतो. मी दोन लावले. पदर सोडून धावू की लावून धावू, असा विचार माझ्या मनात आला. खरंच आला. तेवढ्यात खालचं काचेचं दार धाडकन मिटलं.

मी गॅलरीत गेले तेव्हा वरुणच्या गाडीमागून एक पांढरी पिकअप निघाली होती. दोन माणसं उतरली, अर्शदच्या दोन्ही बाजूंना लागली, जुने दोस्त असल्यासारखी. त्यानं मान वळवून वर बहिणीच्या खिडकीकडे पाहिलं. दार लागलं. पिकअप गेली. कोल्ड स्टोअरचा माणूस कलिंगडांवर पाणी मारत राहिला.

मग मी त्या अठरा पायऱ्या उतरले.

नाझिशनं दार उघडलं. हात ओले, बाह्या कोपरापर्यंत वर, केस सुटलेले. मला पाहून तिचा चेहरा फुलला. "अगं बया, वहिनी! किती दिवसांनी! लग्नाला निघालीस की काय कुठे?"

"अर्शदला नेलं," मी म्हटलं. "हवालदाराच्या माणसांनी. वरुणनं खूण केली."

तिला कळायला वेळ लागला नाही. भिंतीला हात लावून उभी राहिली. "तुला कधी कळलं?"

"आत्ताच."

"आत्ताच?"

"आत्ता. कळलं तशी धावत आले."

तिनं माझ्याकडे पाहिलं. अंबाड्याकडे, काजळाकडे, पिनेकडे. अनवाणीच खाली पळाली.

वरुण गाडीतच होता. मिस कॉल देऊन झाला होता, त्याला निघता येत नव्हतं. मला वाटलं ती त्याच्या तोंडावर मारेल. ती काचेवर टकटक करून म्हणाली, "वरुणभाऊ, कुठे नेतात ते तुम्हाला माहीत आहे. चला. यल्ला, चला ना!"

त्यानं दार उघडलं. ती पुढे बसली, त्याच्या शेजारी, माझ्या जागेवर. आणि त्या वेळीही, तिचा भाऊ पिकअपमध्ये असताना, माझ्या मनात आलं ते तेच की ती माझ्या जागेवर बसली. मी मागच्या सीटवर बसले. मोरपिशी पदर दारात अडकला, तो मी ओढून घेतला.

वाटेत तोच बोलत होता, तिच्याशी. "मी त्यांना म्हटलं होतं, हा नको. ते म्हणाले, बिल्डिंग तुझी आहे म्हणूनच तू. नाही म्हणालो असतो तर..." ती म्हणाली, "मी तुम्हाला सांगितलं होतं ना भाऊ, पहिल्या दिवशीच, यातून निघा." पहिल्या दिवशी. म्हणजे तो तिला सगळं सांगत होता. क्लिनिकात गेला तर कागदावर नोंद होईल म्हणून तिच्याकडे पट्टी बांधायला गेला आणि तिथे बसून बोलला. मारलेल्या माणसाचा आवाज झोपेत ऐकू येतो हे त्यानं तिला सांगितलं होतं. सिराजच्या धाकटीनं फोनवर काय विचारलं तेही. माझ्या शेजारी झोपून तो ते आवाज ऐकत होता आणि मी त्याच्या बुटात वाळू शोधत होते.

मीना सलमानच्या त्या गोदामामागे पोचलो तेव्हा पिकअप निघून गेली होती. अर्शद लाकडी पॅलेटला टेकून बसला होता, उजवा हात मांडीवर ठेवून, कुणा दुसऱ्याची वस्तू सांभाळायला दिल्यासारखा. रडत नव्हता. "आपा," म्हणाला, "सिराजला मीच दिली होती गं. कंबर धरून रडायचा तो." नाझिश त्याच्यापुढे वाळूत बसली. तिनं तो हात पाहिला आणि पहिल्यांदाच, नर्स असून, तिला काय करावं ते सुचेना.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी सांगितलं, दोन बोटं वाचणार नाहीत, तिसऱ्याचं इंशाल्ला. अपघात वाटत नाही, त्यामुळे पोलिसांना कळवलंय, तेही सांगितलं.

कॉरिडॉरमध्ये आम्ही तिघं. हातावर लोखंडी प्लेट पडली म्हणावं, असं मी सुचवलं. वर्कशॉपमध्ये होतंच असं. वरुणची नोकरी, व्हिसा, कस्तुरीची शाळा, सगळं माझ्या डोळ्यांपुढून जात होतं. नाझिश म्हणाली, "प्लेट पडली म्हटलं की पुढच्या शुक्रवारी आणखी कुणाचा तरी हात. अर्शदनं विकलं, तो भोगेल. पण मी खोटं सांगणार नाही." मग वरुणकडे वळून, "तुम्ही, भाऊ?"

"मी सांगतो सगळं," तो म्हणाला. "हवालदाराचं नाव पण."

मला विचारलंसुद्धा नाही. बारा वर्षांचा संसार पणाला लावायचा होता आणि तो होकार त्यानं तिला दिला.

"वहिनी, तू घरी जा," नाझिश म्हणाली. आवाजात राग नव्हता, त्यानंच जास्त लागलं. "कस्तुरी यायची असेल. तू यात कुठेच नाहीस. तुला तर आत्ताच कळलं."

तिला ठाऊक होतं. दार उघडताच ठाऊक झालं होतं, आणि ती मला मोकळं सोडत होती. मी उठले. काचेच्या दारापर्यंत गेले. बाहेर टॅक्सी उभी होती. शुभदाला फोन करून कस्तुरीला तिच्याकडे ठेवायला सांगितलं. शुभदा म्हणाली, "का गं, सगळं ठीक ना?" मी म्हटलं, "मफी. काहीच ठीक नाही," आणि फोन ठेवला.

मागे वळले तेव्हा ती दोघं तशीच बसली होती. त्यांच्यात आता असं काही होतं जे मला कधीच मिळणार नव्हतं. दोघांनीही खरं बोलायचं ठरवलं होतं. आयुष्यात मी कुणाचा इतका हेवा केला नाही.

मी परत गेले आणि वरुणच्या दुसऱ्या बाजूला बसले. तेवढ्यात पोलीस आला. तरुण होता, हातात वही, हिंदी मोडकं. दाराच्या बाजूला मीच होते म्हणून त्यानं आधी मलाच विचारलं, "मॅडम, आपको कब मालूम हुआ?"

वरुणनं माझ्याकडे पाहिलं. नाझिशनं पाहिलं नाही.

"एक बजे," मी म्हटलं. "वो एक अडतीस को नीचे उतरा. मैं ऊपर थी. साडी पहन रही थी."

त्यानं ते लिहून घेतलं.